'हात दाखवा, एस.टी. थांबवा' : एका घोषणेचे गणित

वैनगंगेला पूर चढू लागला की भंडारा जिल्ह्यात एक आकडा सर्वांच्या तोंडी येतो : २४५.५०. कारध्याच्या पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते, आणि समुद्रसपाटीपासून इतके मीटर ही तिथली धोक्याची पातळी ठरलेली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नदी या रेषेच्या बरीच वर गेली होती. नदी स्वतः काही सांगत नाही. तिचे म्हणणे मोजपट्टीवर उतरवायचे, आकड्यात मांडायचे आणि तो आकडा नदीकाठच्या माणसापर्यंत पोचवायचा, ही व्यवस्था माणसांनी केली आहे. डोळस असो की अंध, शिकलेला असो की न शिकलेला, आकडा कानावर पडला की त्याला काय करायचे ते समजते.

याच नदीवरचा पूल ओलांडून भंडाऱ्याची बस कारध्याला येते. इथून एक रस्ता लाखनी-साकोलीकडे जातो आणि एक अड्याळ-पवनीकडे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रवाशाला तीन गोष्टी कळायला हव्यात : बस येत आहे का, ती कुठली आहे, आणि ती आपल्यासाठी थांबणार आहे का. नदीचे म्हणणे लोकांना कळवण्यासाठी आपण इतका विचार केला. बसचे म्हणणे कळवण्यासाठी काय केले, असे विचारले तर उत्तर म्हणून एक घोषणा पुढे येते. 'हात दाखवा, एस.टी. थांबवा.'

ही घोषणा आम्हाला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची ही योजना खेड्यातल्या माणसाला मान देणारी होती. थांबा दूर असला तरी शेतातून आलेल्या बाईने हात वर करावा आणि सरकारी गाडी तिच्यासाठी थांबावी, ही कल्पना साधी नाही. पण चांगल्या कल्पनेची चिकित्सा करू नये असे थोडेच आहे? ही घोषणा कोणते शरीर गृहीत धरते, हे तपासून पाहिले तर गणित आणि पदार्थविज्ञानाचा एक चांगला पाठ हाती लागतो. तो आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल.

हात दाखवण्याआधी काय घडावे लागते ते पाहू. एस.टी.च्या साध्या गाडीला शहरातल्या बससारखा मार्ग-क्रमांक नसतो. तिची ओळख म्हणजे पुढच्या काचेजवळची पाटी, आणि त्या पाटीवरचे गावाचे नाव. ते वाचल्याशिवाय हात दाखवावा की नाही हे ठरत नाही. मग प्रश्न असा, की ते नाव किती अंतरावरून वाचता येते?

डोळ्यांचे डॉक्टर ६/६ दृष्टी म्हणतात तेव्हा त्याला एक निश्चित अर्थ असतो. अक्षराने डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन केला तर असा डोळा ते अक्षर ओळखतो. हे मिनिट घड्याळातले नव्हे, एका अंशाचा साठावा भाग. हा कोन इतका लहान आहे की सरळ भागाकाराने काम भागते. अक्षराच्या उंचीच्या सुमारे ६९० पट अंतरावरून ते ओळखता येते. पाटीवरचे अक्षर १५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. (मुलांनी आपल्या आगारातल्या पाट्या मोजून खरा आकडा घालावा.) मग ६/६ दृष्टीच्या माणसाला ते सुमारे १०३ मीटरवरून वाचता येईल. ज्याची दृष्टी ६/१८ आहे त्याला याच्या एकतृतीयांश, म्हणजे ३४ मीटरवरून. ६/६० दृष्टी असेल तर १० मीटरवरून. या आकड्यांत आम्ही बसला झुकते मापच दिले आहे. तपासणीच्या तक्त्यावरची रोमन अक्षरे सोपी असतात. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, खाली उकार, आणि जोडाक्षरांची दाटी. त्यातच काचेवर धूळ आणि समोरून ऊन.

आता चालकाच्या बाजूने पाहू. त्याला हात दिसला, त्याने ठरवले, पाय ब्रेकवर गेला, यासाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत अडीच सेकंद धरतात. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. अडीच सेकंदांत गाडी २८ मीटर पुढे येते. त्यानंतर ब्रेक लागल्यावरचे अंतर : वेगाच्या वर्गाला, दुप्पट गुरुत्वत्वरण आणि घर्षणांक यांच्या गुणाकाराने भागायचे. घर्षणांक ०.३८ घेतला तर १७ मीटर येतात. एकूण ४५. ताशी ६० किलोमीटरला हेच गणित ४२ अधिक ३९, म्हणजे ८१ मीटर होते. इथे घर्षणांक ०.३६ घेतला आहे, कारण वेग वाढला की मानकात तो कमी धरतात.

म्हणजे हात वर झाला त्या क्षणी गाडी निदान इतकी दूर असायला हवी. आणि पाटी वाचून मनाशी ठरवून हात वर करायला प्रवाशाला दोन सेकंद तरी लागणारच. तेवढ्या वेळात ४० च्या वेगाने गाडी आणखी २२ मीटर जवळ येते, ६० च्या वेगाने ३३ मीटर. बेरीज केली तर पाटी वाचली जायला हवी ती ४० च्या वेगाला ६७ मीटरवरून, आणि ६० च्या वेगाला ११४ मीटरवरून.

आता हे आकडे समोरासमोर ठेवा. ४० च्या वेगाला ६/६ दृष्टीचा माणूस उत्तीर्ण होतो, ३६ मीटर शिल्लक ठेवून. ६/१८ दृष्टीचा विद्यार्थी नापास, कारण त्याला पाटी वाचता येते तेव्हा गाडी थांबण्याच्या पलीकडे गेलेली असते. आणि ६० च्या वेगाला? तिथे निरोगी डोळाही ११ मीटरने नापास होतो!

हा निकाल आम्हाला पहिल्यांदा मिळाला तेव्हा आकडेमोड चुकली असे वाटले. पुन्हा केली, तरी तोच आला. मग लक्षात आले की रस्त्यावर उभे राहणाऱ्या माणसाने हे गणित कधीच सोडवून टाकले आहे. तो पाटी वाचतच नाही. दुरून लाल रंग आणि गाडीचा ठोकळा दिसला की हात वर करतो, गाडी थांबली की वाहकाला विचारतो, आणि नको ती गाडी असेल तर चार शब्द ऐकून घेतो. चालकालाही दोष देता येत नाही. उशीर झालेला असतो, गाडी भरलेली असते, मागे ट्रक लागलेला असतो, आणि ब्रेक जोरात दाबला तर उभे प्रवासी एकमेकांवर पडतात. म्हणजे आम्ही धरलेले थांबण्याचे अंतर प्रत्यक्षात आणखी वाढते. घोषणा चालते ती अंदाजावर, आणि अंदाज चालतो तो धडधाकट डोळ्यावर.

ज्याला मुळीच दिसत नाही त्याचे काय? त्याच्याकडे कान आहेत, आणि जुन्या डिझेल इंजिनाचा आवाज जाणकार कानाला बराच दुरून ओळखता येतो. पण नागपूर-रायपूर रस्त्यावर लाभणारी शांतता किती, हे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दूरच्या बसचा आवाज जवळच्या ट्रकखाली गाडला जातो. पुढे विजेच्या गाड्या वाढतील तसा हा आधारही पातळ होत जाणार. १ जून २०२२ रोजी महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. धूर नाही, आवाज कमी, म्हणून सर्वांनी तिचे स्वागत केले. ते योग्यच होते. पण आवाज कमी होण्यात कोणाची तरी खूण पुसली जाते, हे स्वागताच्या भाषणात कोणी म्हणत नाही.

आता थांब्याकडे वळू. खेड्यातला प्रवासी निवारा सर्वांच्या परिचयाचा आहे. तीन बाजूंनी भिंत, वर छत, खाली उंच ओटा, आणि दर्शनी भागावर ज्यांच्या निधीतून तो झाला त्यांचे नाव. खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला, आमदारांचाही असतो. त्यातून बांधलेल्या निवाऱ्यावर सर्वांत मोठे अक्षर कोणाचे असते, हे मुलांना फूटपट्टी घेऊन मोजायला सांगा. गावाचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आले तर नशीब. बस कुठे जातात याचा उल्लेख बहुधा नसतोच.

पण आमची खरी तक्रार नावाच्या अक्षराबद्दल नाही, भिंतीबद्दल आहे. गाडी येते त्या बाजूलाच भिंत असेल, तर आत बसलेल्याला गाडी दिसत नाही आणि चालकाला आत बसलेला दिसत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. अशा उन्हात निवारा रिकामा आणि माणसे बाहेर रस्त्याच्या कडेला, कपाळावर हात धरून उभी, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. लोकांना सावलीची किंमत कळत नाही म्हणून ती बाहेर उभी नसतात. सावली घेतली तर गाडी जाते, म्हणून असतात. निवाऱ्याने ऊन अडवले, पण त्याबरोबर निरोपही अडवला. जिला पाच मिनिटे उभे राहणे शक्य नाही त्या आजीने काय निवडावे?

चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशासाठी म्हणून अलीकडे ओट्याला उतार बांधतात. एकास बारा या प्रमाणात ४५ सेंटिमीटर उंच ओट्याला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब उतार लागतो. तेवढी जागा नसते, म्हणून तो आखूड आणि उभा बांधला जातो आणि निरुपयोगी होतो. समजा नीट बांधला, तरी खुर्ची वर चढवायची, भिंतीआड बसायचे, आणि गाडी आली की पुन्हा खाली उतरून साध्या बसच्या सुमारे मीटरभर उंच तळाशी झुंजायचे! शहरातल्या खालच्या तळाच्या बसचा तळ ४०० मिलिमीटरवर असतो. ओटा आणि बसचा तळ एकमेकांना जुळतील असे बांधले तर उताराला अर्थ आहे. एरवी तो कागदावर खूण करण्यापुरताच.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, लाल सिग्नलवर आवाजाचा संकेत द्यावा, झेब्रा पट्ट्यांवर आणि रेल्वे फलाटाच्या कडेवर कोरीव खुणा असाव्यात असे कलम होते. बसथांबा त्यात नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो आला, म्हणून आम्ही कलम ४१ उत्सुकतेने वाचले. त्यात बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ एका ओळीत आहेत, आणि तिथे कोणत्या सोयी मानकांप्रमाणे असाव्यात तर वाहनतळ, स्वच्छतागृहे, तिकीट खिडक्या आणि तिकीट यंत्रे. खेड्यातल्या थांब्यावर यांतले काय असते? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विमानतळ होता आणि बसथांबा त्याच्या मागोमाग यादीत आला, असे आम्हाला वाटते. थांब्याचे मुख्य काम, म्हणजे बस आणि माणूस यांची गाठ घालून देणे, त्या कलमात नाही.

मार्गदर्शक तत्त्वे पुष्कळ आहेत. २०१६ ची आहेत, २०२१ ची आहेत. पण ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके दुखण्यावर बोट ठेवले. मानके नुसती शिफारस म्हणून राहिली तर कायद्याचा हेतू फसतो, असे सांगून न्यायालयाने या कायद्याखालचा नियम १५ अवैध ठरवला आणि कमीत कमी काय सक्तीचे असेल ते तीन महिन्यांत वेगळे काढण्यास सरकारला सांगितले. आमच्या मते या 'कमीत कमी'मध्ये खेड्यातल्या थांब्यासाठी एकच गोष्ट पहिली यावी : थांब्यावर माणूस उभा असेल तर हात दिसो वा न दिसो, साधी गाडी थांबेल, आणि ती कुठे जाते हे मोठ्याने सांगितले जाईल.

मोठ्याने सांगण्याला पैसा लागत नाही. काळी-पिवळी जीप रस्त्यावर आली की तिचा पोऱ्या दारात लटकून 'लाखनी, साकोली, लाखनी, साकोली' असा पुकारा करतो. तो अंधांची सेवा म्हणून नव्हे, जागा भरण्यासाठी. पण प्रवाशाला जे कळायला हवे ते सर्व त्या ओरडण्यात असते : गाडी आली, इथे उभी आहे, अमुक ठिकाणी जाते. कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वाशिवाय त्याने दृष्टिहीनाची अडचण सोडवली आहे. एस.टी.च्या आतही अशीच एक सुंदर व्यवस्था आहे. वाहकाने दोरी ओढली, एक घंटी झाली की थांबा, दोन झाल्या की चला. चालकाला मागे वळून पाहावे लागत नाही, की वाहकाला ओरडावे लागत नाही. गाडीच्या आत, पगारी माणसांमध्ये, आपण न पाहता समजणारी खूण वापरतो आणि गाडीबाहेरच्या प्रवाशाला मात्र पाहण्यावर सोडून देतो.

यंत्रांचेही पाहू. दिल्लीच्या आय.आय.टी.त 'ऑनबोर्ड' नावाचे उपकरण तयार झाले. अंध प्रवाशाच्या हातात एक छोटे यंत्र असते. त्याने कळ दाबली की जवळ आलेल्या बसमधले यंत्र रेडिओलहरींनी उत्तर देते, बसचा क्रमांक ऐकू येतो, आणि हवी ती बस निवडली की तिच्या दाराजवळचा भोंगा वाजतो, म्हणजे दार कुठे आहे तेही कळते. मुंबईत बेस्टच्या बसवर याची चाचणी झाली आहे. कल्पना फार चांगली आहे. पण ती शहराच्या थांब्याची आहे, जिथे चार बस एकामागे एक उभ्या राहतात आणि प्रश्न 'यांतली माझी कोणती' हा असतो. कारध्याला प्रश्न 'ती थांबेल का' हा आहे. हाच आक्षेप मोबाइलवर बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या सोयीवर आहे. उपग्रहाकडून मिळालेली जागा दहा सेकंदांनी एकदा कळत असेल, तर ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी १६७ मीटर पुढे गेलेली असते. आपल्या गणितातले सगळे अंतर त्यात गिळले जाते. घरातून केव्हा निघावे, एवढे सांगायला ही सोय उत्तम.

काही देशांत अंधुक प्रकाशातल्या थांब्यांवर खांबाला कळ आणि सौर दिवा असतो. प्रवाशाने कळ दाबली की दिवा उघडमीट करू लागतो आणि चालकाला दुरूनच कळते. हात दाखवण्याचे काम दिव्याने करायचे. ज्याचा हात वर होत नाही किंवा ज्याला गाडी दिसतच नाही, त्याच्यासाठी हा फार उपयोगी, कारण गाडी दिसण्याच्या आधीच 'मी इथे आहे' हा निरोप देऊन ठेवता येतो. आणि खांब नेमका कुठे आहे, हे अंधाला कळावे म्हणून पायाखाली उंचवट्याच्या फरशा. त्या जपानच्या सेईची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या, आणि मार्च १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. आज आपल्या मेट्रो स्थानकांत त्या दिसतात. खांबाभोवती अशा थोड्या फरशा आणि एक सौर दिवा, याचा खर्च निवाऱ्याच्या तिसऱ्या भिंतीपेक्षा फार जास्त होणार नाही. ती भिंत काढलीच पाहिजे, असे आमचे मत आहे. निदान तिच्यात मोठी खिडकी तरी हवी.

हे सगळे शिक्षकांना का सांगायचे? कारण हजेरीपटावर 'उशीर' ही खूण आपण करतो. खेड्यातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. या सवलती गाडीत चढल्यावर सुरू होतात. वर्गातल्या एखाद्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही हे आपल्या लक्षात येते, आपण त्याला पुढे बसवतो. त्याच मुलाला सकाळी बसची पाटी दिसत नसेल, हे आपल्या मनात येत नाही, आणि गाडी का चुकली हे तोही सांगत नाही. 'निघायला उशीर झाला' म्हणतो. तेवढे सोपे असते.

खांब आणि दिवा होईपर्यंत एक काम वर्गात करता येईल. परदेशात अल्पदृष्टी प्रवासी बसचा क्रमांक लिहिलेला मोठा पुठ्ठा हातात धरतात आणि वाचण्याचे काम चालकाकडे देतात. आपल्याकडे क्रमांक नाही, म्हणून गावाचे अक्षर. चालकाची दृष्टी तपासलेली असते. ६७ मीटरवरून वाचायचे तर अक्षर निदान १० सेंटिमीटर हवे; हलती गाडी आणि ऊन लक्षात घेऊन २० सेंटिमीटरचे करावे, पिवळ्यावर काळे, रेघ जाड. मैदानावर ६७ आणि ११४ मीटर मोजून खुणा कराव्यात आणि दुसऱ्या तुकडीच्या मुलांना वाचायला लावावे. एक अडचण आधीच सांगतो. पवनीसाठी 'प' लिहिले तर त्याच रस्त्यावर पहेला आहे. पहेल्याला जाणाऱ्याला पवनीची गाडी चालते, पवनीला जाणाऱ्याला पहेल्यापर्यंतची चालत नाही. एका अक्षरात हे कसे बसवायचे, की दोन अक्षरे घेऊन पुठ्ठा मोठा करायचा, आणि दहा वर्षांच्या मुलाला तो वाऱ्यात धरता येईल का, हे पुठ्ठा कापण्याआधी मुलांनी ठरवावे.